भोगीच्या दिवशी भिगवणला

दिवे घाटातल्या वळणावर धुकं आडवं येतं आणि गाडीचा आवाज बदलतो. आधी एसीची घरघर थांबते. मग हडपसरपासून वळणं सांगत आलेला फोन गप्प होतो. गिअर टाकायला तुमचा डावा हात खाली जातो, तर तिथं दांडाच नाही. तो स्टिअरिंगच्या मानेला आलाय. स्टिअरिंग मोठ्या घेराचं, बारीक, थंडीनं गार पडलेलं. डोंगर पोखरणारे पोकलेन, दगडांच्या राशी, सगळं गायब. उरलाय एका गाडीपुरता डांबरी पट्टा, दोन्ही अंगांना मुरूम, आणि चढावर गुरगुरणारी फियाट.

शेजारी नवरा तोच आहे. फक्त टेरिकॉटची पँट, हातानं विणलेला बिनबाह्यांचा स्वेटर आणि कानांखाली उतरलेले कल्ले, एवढा फरक. तुमच्या अंगावर नायलॉनची साडी आहे, आणि ब्रेकवर पाय देताना निऱ्या मध्ये येतायत. तो हँडल फिरवून काच खाली घेतो, डोकं बाहेर काढतो.

"अगं, पुढं बंपरला काहीतरी लटकतंय."

छागळ आहे ती. कॅनव्हासची पाण्याची पिशवी. वाऱ्यानं पाणी गार होतं, आणि घाटात इंजिन तापलं की कामाला येते. तापतंच. घाटमाथ्यावर पोचेपर्यंत बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागते. तुम्ही गाडी कडेला घेता. डिकीत रेडिएटरसाठी पाण्याचा पत्र्याचा डबाही आहे. ज्याची कुणाची ही गाडी आहे, तो शहाणा माणूस दिसतो.

इंजिन निवेपर्यंत मागं वळून बघा. खाली वडकीचा मस्तानी तलाव, त्यात नावाला पाणी. त्याच्या पलीकडे पुणं असायला हवं. पण काचेचे मनोरे नाहीत. सकाळी ज्या सिग्नलला तुम्ही तीनदा हिरवा दिवा हुकवलात, तिथं मळे आहेत. कालव्याच्या पाण्यावरचे, हिरवे. मगरपट्ट्यात मगर मंडळींचा ऊस उभा आहे.

तुम्ही निघाला होतात ते भिगवणचे फ्लेमिंगो बघायला. डोंगर ओलांडायचा, सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती करत उजनी धरणाच्या काठाला जायचं, मासे खायचे, मुक्काम करायचा. सोलापूर महामार्गानं दोन तासांत पोचता आलं असतं, पण त्याला घाटातून जायचं होतं. निघण्याआधी घरी दोघांनी अंघोळी केल्यात. ते पाणीही तुमच्याबरोबरच निघालं असेल: नाल्यातून मुठेत, मुळा-मुठा होऊन रांजणगाव सांडसला भीमेत, आणि भीमेतून उजनीत. तुम्ही भुलेश्वरच्या डोंगररांगेच्या दक्षिणेनं जाता, तुमचं सांडपाणी उत्तरेनं, आणि दोघांचा मुक्काम एकच. पुणेकर भिगवणच्या पाण्याला नाकं मुरडतात तेव्हा हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

तारीख कळते ती सासवडला. चहाच्या दुकानात ‘सकाळ’चा अंक पडलाय: शनिवार, १३ जानेवारी १९७३. संस्थापक नानासाहेब परुळेकर जाऊन पाच दिवस झालेत. उद्या संक्रांत, आज भोगी. दुकानाच्या भिंतीवर ‘कालनिर्णय’ शोधू नका. ते यंदाच पहिल्यांदा छापलंय, घराघरांतल्या खिळ्यांवर चढायला त्याला अजून थोडी वर्षं लागतील.

"अरे, साखर जास्त झालीय," तुम्ही म्हणता, आणि चहावाला तुमच्याकडे बघतो.

"‘अहो’ म्हण," नवरा कानाशी पुटपुटतो. "लोक बघतायत."

लोक बघतायत ते तुम्ही गाडी चालवता म्हणून. ‘अहो’नं त्यात फार फरक पडेल असं नाही.

जेजुरीत पौष पौर्णिमेची तयारी दिसते. जत्रा अजून पाच दिवसांवर आहे, पण गाढवांचे तांडे यायला लागलेत. दरवर्षी या पौर्णिमेला इथं गाढवांचा बाजार भरतो. वैदू, कैकाडी, बेलदार, वडार मंडळी लांबलांबून जनावरं घेऊन येतात. यंदाची गाढवं मात्र बरगड्या मोजून घ्यावीत अशी. चारा कुठं आहे? जानेवारीचा दुसरा आठवडा, म्हणजे या रस्त्यानं दोन्हीकडे ज्वारी डोक्याएवढी उभी असायची, कणसांत दूध भरलेलं असायचं, शेताशेतातून हुरड्याच्या आगट्या पेटायच्या. एकही आगटी नाही. रब्बीची पेरणीच झालेली नाही बऱ्याच ठिकाणी, आणि जिथं झाली तिथं ज्वारी गुडघ्याला येऊन करपलीय. १९७० पासून पाऊस हात आखडताच घेत होता, १९७२ ला तो जवळपास आलाच नाही.

हा मुलूख एरवीही पावसाच्या उष्ट्यावर जगतो. लोणावळ्याला साडेचार हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस सह्याद्री ओलांडून इथवर येईतो साडेचारशे-पाचशेचा होतो. एक वर्ष चुकलं तर माणूस सावरतो. लागोपाठ चुकली की गाव उठतं.

मोरगावला कऱ्हेच्या पात्रात उतरून बघायची हौस असेल तर बघा. वाळू, दगड, आणि वाळूत खणलेले झिरे. झिऱ्याच्या तळाशी बसून बाया वाटीवाटीनं घागर भरतायत. मयूरेश्वराच्या दर्शनाला आलेली तुरळक माणसं कमानीखाली टेकलीत. तुम्ही हात जोडता आणि निघता.

मोरगाव मागं पडल्यावर गाडी आपोआप हळू होते, कारण रस्त्यावर माणसं आहेत. इतकी, की आधी यात्रा वाटते. जवळ गेल्यावर हातोड्यांचा आवाज येतो. शेकडो बाया-बाप्ये रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडतायत. डोक्याला फडकी, बोटांना चिंध्या. काही जणींच्या मागं झोळीत पोरं. टेप घेऊन एक मुकादम ढिगांचं माप घेत फिरतोय. जेवढा ढीग तेवढी मजुरी. या कामांवर यंदाच्या मे महिन्यात राज्यभर पन्नास लाखांच्या आसपास माणसं असतील. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. त्यांना एवढंच ठाऊक आहे की आज शनिवार, आणि हजेरीपटावर अंगठा उठलाय की नाही.

आणि हेही तुम्हाला ठाऊक आहे की याच कामांतून वि. स. पागे यांची रोजगार हमीची योजना राज्यभर पसरेल, १९७७ मध्ये तिचा कायदा होईल, आणि पुढच्या शतकात सगळा देश तो कित्ता गिरवेल. पण हातोडा मारणाऱ्या बाईला हे सांगून काय होणार?

ती उठून गाडीजवळ येते. चाळिशीची वाटते, तिशीचीही नसेल.

"कुठनं आलाय ताई?"

"पुण्याहून."

"गाडी तुमीच चालविता?" मग उत्तराची वाट न बघता छागळीकडे बोट करते. "लेकराला घोटभर पानी द्याल का? टँकर आला न्हाई सकाळधरनं."

नवरा छागळ सोडून तिच्या हातात देतो. ती पोराला पाजते, मग शेजारणीकडे देते. शेजारीण पुढं. छागळ रांगेतून फिरत जाते. कुणी तोंड लावत नाही, सगळे वरून धार धरतात, आणि एकेक घोट. तुम्ही मोजत नाही, पण नजर तिच्यामागं जाते. परत येते तेव्हा ती रिकामी नाही. तळाला दोन बोटं पाणी आहे.

"असू द्या," बाई म्हणते. "गाडीला लागंल की."

डिकीतला डबा आठवून तुमचा चेहरा उतरतो. नवरा आधीच मागं गेलाय, डबा काढतोय. रेडिएटरचं पाणी आहे, गंजाचा वास येतो त्याला. कुणीही नाक मुरडत नाही. तुम्ही बारामतीपर्यंत कशा जाणार, असं एक म्हातारा विचारतो, आणि स्वतःच उत्तर देतो, "थंडी हाय. जातीया गाडी."

दुपारी त्यांना सुकडी मिळेल. घरी रात्री मिलोची भाकरी. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी, जी तिथं बहुतेक जनावरांना घालतात. पुढची पन्नास वर्षं या भागातली म्हातारी माणसं नातवंडांनी ताटात टाकलं की एकच शब्द उच्चारतील: बहात्तर. सालाचा मागचा-पुढचा भाग सांगायची गरज पडणार नाही.

गाडी खरंच जाते.

आणि मग बारामतीच्या अलीकडे, एका उंचवट्यावरून, समोरचा रंग बदलतो. नीरेचा डावा कालवा आलाय. कालव्याच्या अलीकडे फुफाटा, पलीकडे ऊस. मध्ये कुंपण नाही, भिंत नाही, फक्त एक पाट. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं भोरजवळ भाटघरला धरण बांधलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हे पाणी बारामती-इंदापूरपर्यंत आणलं. तेव्हापासून या दोन तालुक्यांत माणसाची ओळख करून घेताना जात, आडनाव आणि जिरायत की बागायत या तिन्ही गोष्टी विचारतात. सोयरीक जमवताना तिसरी आधी. बारामती म्हटलं की आज सगळे राजकारणच काढतात. माझं मत विचाराल तर ते राजकारण या पाटाच्या कडेकडेनंच चालत आलंय. ज्याच्या शेतात पाणी आलं त्याच्या हातात उसाचा पैसा आला, त्यातून साखर कारखाना उभा राहिला, कारखान्यामागून शाळा-कॉलेजं. तुळजाराम चतुरचंद कॉलेज निघून दहा वर्षं झालीत. विद्या प्रतिष्ठान गेल्याच वर्षी स्थापन झालंय. कालव्याबाहेरच्या गावांत पाझर तलावांची कामं चाललीत. त्या गावांचं गाऱ्हाणं मात्र तुम्ही परत जाल त्या काळातही संपलेलं नसेल. दर निवडणुकीला जिरायत पट्ट्याचा प्रश्न नव्यानं निघतो.

गावात गुळाचा वास आहे. बैलगाड्या, सायकली, दौंडहून आलेल्या छोट्या रुळांच्या गाडीतून उतरलेली माणसं. टॉकीजवर ‘पिंजरा’चं पोस्टर, त्यावर डॉ. लागूंचा फेटा. भिंतीला टेकून उभी असलेली पोरं पोस्टर सोडून तुमच्याकडे बघतात. साडीतली बाई फियाटचा दरवाजा उघडून ड्रायव्हरच्या बाजूनं उतरते, हे त्यांनी संध्या शांतारामलाही करताना पाहिलेलं नाही.

पानाच्या ठेल्यावर ट्रान्झिस्टर लागलाय आणि त्याभोवती दहा-बारा डोकी. मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी, दुसरा दिवस. दिल्लीची कसोटी त्यांनी जिंकली, कलकत्त्याची आपण. चंद्रशेखरच्या गुगलीवर एकजण हातवारे करून प्रवचन देतोय.

"वाडेकर काय करंल सांगता येत न्हाई," पानवाला म्हणतो.

नवऱ्याचे डोळे चमकतात. हा सामना चार गडी राखून आपण जिंकणार, मालिकाही जिंकणार, हे त्याला पाठ आहे. तुम्ही त्याचा दंड दाबता. खडी फोडणाऱ्यांच्या रांगेतून आत्ताच आलोय आपण. निदान एवढी धाकधूक तरी या लोकांची आपण हिरावून घेऊ नये.

मोरोपंतांचा वाडा बघायचा होता तुम्हाला. बाबूजी नाईकांच्या आश्रयानं ते इथं राहिले, आर्या रचल्या, १७९४ मध्ये इथंच गेले. पण सूर्य कलायला लागलाय आणि तुमचं लक्ष पुढं आहे. डबा आणि छागळ कालव्याच्या पाण्यानं भरून घेता आणि भिगवणचा रस्ता धरता.

हा रस्ता तुमच्या ओळखीचा आहे, असं तुम्हाला वाटत राहतं. कालवा सुटला की पुन्हा माळ. शेटफळ गढ्याच्या जवळ तुम्ही एका गुराख्याला विचारता, "तळं किती लांब आहे?"

"तळं?" तो मागं हात करतो. "शिर्सुफळचं तळं तिकडं राह्यलं. पर पानी न्हाई त्यात. गुरं पाजायची का?"

"नाही, ते मोठं. भिगवणचं."

"भिगवनला कुठलं तळं? भिगवनला टेसन हाय."

तो खरं तेच सांगतोय. भिगवणला तळं नाही. स्टेशन आहे, त्याच्या शेजारून पुणे-सोलापूर रस्ता जातो, दोन-चार दुकानं, एक उपाहारगृह. मासळीबाजार नाही. ‘चिलापी फ्राय’ची पाटी नाही. होडीवाल्यांचे फोन नंबर रंगवलेल्या भिंती नाहीत. काठच नाही, तर कुंभारगावात होड्या कशाच्या?

तुम्ही डिकसळकडे वळता. तिथं खाली नदी आहे. भीमा. पात्राच्या मधोमध एक अरुंद धार, गुडघ्यापर्यंत येईल एवढी, आणि तिच्या वर इंग्रजांनी बांधलेला दगडी रेल्वे पूल. या पात्राला तो कितीतरी उंच वाटतो. १८५८ च्या डिसेंबरात पुण्याहून आलेली आगगाडी डिकसळपर्यंत पोचली, पुढं नदी ओलांडून सोलापूरकडे गेली. आत्ताही दौंडकडून धूर दिसतो. कोळशाचं इंजिन मालगाडी ओढत पुलावर चढतं, दगडी खांब घुमतात, खाली धुणं धुणाऱ्या बाया मानही वर करत नाहीत. उजनीचं पाणी चढेल तेव्हा रेल्वे नव्या, उंच पुलावरून जाईल आणि हा जुना पूल इंदापूर आणि करमाळ्याच्या माणसांना, उसाच्या ट्रॅक्टरांना, मोटारसायकलींना मिळेल. पाण्यात उभं राहून तो पुढची कैक वर्षं हे ओझं पेलेल. साहेबाच्या पुलाचं कौतुक करायची आपल्याकडे एक खोड आहे. तरी या पुलापुरतं ते मान्य करायला हरकत नाही.

पुढं कळाशीपाशी माणसं नदी चालत ओलांडतायत. एक माणूस पलीकडे कुगावला बहिणीकडे भोगीचं वाण घेऊन निघालाय, चपला हातात घेऊन. नदीच्या दोन्ही काठांची सोयरीक अशी पायवाटेवरची आहे. तळं झालं की हीच वाट होडीची होईल. तिच्यावर लाइफ जॅकेटशिवाय वर्षानुवर्षं माणसं ये-जा करतील, आणि २०२४ च्या मे महिन्यातल्या एका वादळी संध्याकाळी या वाटेवर होडी उलटून सहा जण बुडतील. चपला हातात घेतलेल्या त्या माणसाकडे तुम्ही जरा जास्तच वेळ बघत राहता.

पळसदेवला पोचता तेव्हा ऊन तिरपं झालंय. गाव नदीच्या काठाला आहे. तुम्ही ओळखता ते पळसदेव महामार्गावरचं, पत्र्याच्या टपऱ्यांचं. हे ते नव्हे. हे दगडी वाड्यांचं, चिंचांचं, अरुंद बोळांचं गाव, आणि बोळ संपला की पळसनाथाचं देऊळ. काळ्या दगडाचं, उंच शिखराचं. आवारात वीरगळ ओळीनं उभे: खाली लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवलिंग. हे देऊळ तुम्ही फोनवर पाहिलंय. धरण मायनसमध्ये गेलं की दर वेळी कुणीतरी ड्रोन उडवतो आणि चिखलात उभ्या असलेल्या शिखराचा व्हिडिओ सगळीकडे फिरतो. इथं शिखरावर पोपट आहेत. गाभाऱ्यात दिवा आहे. पायरीवर एक काका बसलेत.

"या पाव्हनं. दर्शन घ्या, मग बोलू."

बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ आहे. सरकारी माणसं येऊन माप घेऊन गेलीत. उजनीला, तिकडं माढ्याच्या हद्दीत, धरणाचं काम १९६९ पासून चालू आहे. भूमिपूजन त्याच्याही आधी, १९६६ ला, यशवंतराव चव्हाणांनी केलं. पंढरीच्या विठोबाची चंद्रभागा अडवायची म्हणून त्यांनी देवाची माफी मागितली, असं काका ऐकून आहेत. "आमची कोन मागनार?" असं विचारून तेच हसतात. पाणी कुठवर येणार त्याचे निशाणीचे दगड त्यांना दाखवलेत. देवळाच्या कळसाकडे बोट करून ते म्हणतात, "म्हनं ह्याच्याबी वर. आता ह्या नदीत बघा, म्हैस बुडंना. आन कळसावर पानी?"

नवरा तोंड उघडतो. आकडे त्याला माहीत आहेत. अडीच किलोमीटर लांबीची भिंत, ११७ टीएमसी पाणी, त्यातलं निम्म्याहून जास्त तर मृतसाठाच. तो काही बोलत नाही.

"बरं, पुनर्वसनाचं काय म्हणतात?" तुम्ही विचारता.

"जमिनी देनार म्हनं. कुठं, ते न्हाई सांगितलं."

प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ ला होईल. तोवर जे मिळेल ते सरकारच्या मर्जीवर. आणि यातली मेख अशी, की यंदाच्या दुष्काळात सगळ्या तालुक्यात ज्यांच्या विहिरींना पाणी आहे, ती हीच नदीकाठची गावं. काळी जमीन, पुरानं आणलेला गाळ. माळावरची माणसं खडी फोडतायत तेव्हा इथं थोडा का होईना हरभरा उभा आहे, परसात वांगी आहेत. धरण हवं, यावर कुणाचं दुमत नाही. सकाळी छागळीला रांग लावणारी ती माणसं बघितल्यावर तुमचंही असणार नाही. पण त्या पाण्यासाठी जी जमीन जाणार, ती आत्ता या घडीला तहानलेली नसलेली एकमेव जमीन आहे. या हिशेबात दोन्ही बाजू खऱ्या आहेत. म्हणूनच तो अजून मिटलेला नाही.

काका घरी नेतात. नाही म्हणायची सोय नाही, भोगी आहे. काकू चुलीपुढून उठून तुम्हाला आत बोलावतात, नवऱ्याला ओसरीवर घोंगडी टाकतात. तुम्ही ओसरीवरच टेकता, मग त्या हसून तुमचंही ताट तिथंच आणतात. वांगी, हरभऱ्याचे घाटे, गाजर, घेवडा, तिळाचं कूट घातलेली भोगीची भाजी. भाकरीवर मात्र तीळ मोजकेच.

"बाजरी न्हाई यंदा," काकू म्हणतात. "मिलोची हाय. गोड मानून घ्या."

भाकरी लालसर, जरा चिवट, घशाशी अडणारी. भाजीबरोबर उतरते. तुम्ही दुसरी मागता, आणि मागितल्यावर लक्षात येतं की नको मागायला हवी होती. तोवर ती ताटात पडलेली असते. लोणी नाही, पण काकू लसणाची चटणी वाढतात. बाहेर चांदणं पडलंय, पौर्णिमेला पाच दिवस आहेत. काकू विचारतात, लग्नाला किती वर्षं झाली, मूल का नाही, गाडी कुणी शिकवली. तिन्ही प्रश्न एका दमात, एकाच सुरात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकून म्हणतात, "शिकून घेतलं ते बरं केलं. कुटं जायचं तर कुनाच्या तोंडाकडं बघायला नको."

चार-पाच वर्षांनी त्यांनाही जायचंय. कुणाच्या तोंडाकडे बघत, ते त्यांना अजून माहीत नाही.

रात्र त्या ओसरीवरच जाते, आणि याच रात्रीत वर्षं सरकतात. आधी दारं-चौकटी काढून नेणाऱ्या बैलगाड्यांचा आवाज. मग पत्रे उचकटल्याचा. मग देवाला वाजतगाजत नव्या गावात नेतानाचा ताशा. १९७७ च्या पुढं कधीतरी पाणी बोळाच्या तोंडाशी येतं, थांबतं, पावसाळ्यात पुन्हा चढतं. १९८० ला धरण पुरं होतं. वीरगळांवरची लढाई आधी जाते, मग अप्सरा, मग शिवलिंग. माळावरच्या ज्या माणसांनी खडी फोडली, त्यांच्यातले कितीतरी जण आता उपसा सिंचनाच्या पाइपातून पाणी उचलून ऊस लावतायत. नदीकाठच्या ज्यांचं गेलं, त्यांतले कैक जण माळावर नवी घरं बांधून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतायत. आणि पाण्यामागून मासे आले, माशांमागून कोळी, आणि सगळ्यांत शेवटी, कुणीही न बोलावता, पक्षी.

जाग येते ती फोनच्या गजरानं. कुंभारगाव, पहाटे सव्वासहा. तुमच्या अंगावर जॅकेट आहे, गाडीचा गिअर जागेवर आहे. पत्र्याची होडी थंडीनं गारठलीय आणि नावाडी पोरगा मफलर गुंडाळून उभा आहे. पाण्याला हिरवट झाक आणि किंचित वास. काल सकाळची तुमची अंघोळ अजून पोचायची असेल, पण शेजाऱ्यांच्या पोचल्यात.

पक्षी आहेत, नाही असं नाही. बुडालेल्या झाडांच्या वठलेल्या फांद्यांवर पाणकावळे पंख वाळवतायत. चित्रबलाक ओळीनं उभे. पलीकडे पट्टकदंबांचा थवा, डोक्यावर काळ्या पट्ट्या, हिमालय ओलांडून आलेला. त्यांच्या घाटापुढं तुमचा दिवे घाट काय चीज! एक कैकर मासा घेऊन डोक्यावरून जातो. पण ज्यासाठी आलात ते गुलाबी काही दिसत नाही.

"फ्लेमिंगो कुठंयत?" नवरा दुर्बीण फिरवत विचारतो.

"यंदा पानी लई हाय, सर. धरण अजून फुल्ल." पोरगा वल्हं आडवं धरतो. "फ्लेमिंगो चिखलात चोच घालून खातो. काठ उघडा पडल्याबिगर उतरत न्हाई. मागं दुष्काळात आला असता तर इथं नुसता गुलाबी होता."

"मग यायचं कधी?"

तो जरा हिशेब करतो. "सोलापूरचं आवर्तन सुटू द्या. नदीला पानी गेलं, कॅनॉल चालू झालं, की हिकडं काठ मोकळा होतो. तोवर एक-दोन चक्कर होतील म्हना तुमच्या. निघायच्या आधी फोन करा, किती सोडलंय ते सांगतो."